प्रौढ साक्षरता वर्गाने शिकणाऱ्यांच्या आयुष्यात काय बदलतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रौढ साक्षरता वर्गांबद्दल आमच्याकडे सतत प्रश्न येतात. कुणाच्या आईला शिकायचं असतं, कुणाला शिकवायचं असतं, कुणी वर्ग चालवून थकलेलं असतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आणि अडचणीचे नंतर, असा क्रम आहे. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्रौढ साक्षरता वर्ग म्हणजे नेमकं काय? ती शाळाच ना?

नाही. ज्यांची शाळा कधी झालीच नाही किंवा फार लवकर सुटली, अशा मोठ्या माणसांसाठी त्यांच्याच वस्तीत, त्यांच्या सवडीने भरणारा हा वर्ग. शिकवणारे बहुतेक स्वयंसेवक असतात, बरेचदा त्याच वस्तीतले. जागा मिळेल ती. इयत्ता नाही, शिक्षा नाही, गैरहजेरीचा धाक नाही.

खरा फरक मात्र माणसांमध्ये आहे. लहान मुलाला अजून जगाची ओळख व्हायची असते. वर्गात येणाऱ्या बाईने संसार केलेला असतो, माणसं पारखलेली असतात, पैसा राखलेला असतो. तिला अक्षर तेवढं येत नसतं. हे ध्यानात न ठेवता ‘क कमळाचा’ म्हणून घोकून घेणारा वर्ग लवकरच रिकामा होतो.

२. सही करता आली की माणूस साक्षर झाला का?

नाही. युनेस्कोने १९५८ मध्ये ठरवलेला किमान निकष असा: रोजच्या जगण्याबद्दलचं एखादं छोटं, साधं वाक्य समजून वाचता आणि लिहिता आलं पाहिजे. १९७८ मध्ये त्यात व्यवहाराची भर पडली. आपण ज्या समाजात राहतो तिथे जे वाचन, लेखन आणि हिशोब लागतात ते करता आले पाहिजेत आणि पुढेही वापरत राहता आले पाहिजेत.

सही हे चित्र काढल्यासारखं पाठ करता येतं. अनेकांना अंगठ्याची लाज वाटते म्हणून ती आधी शिकायची असते, आणि ती आधी शिकवावीही. पण तिथेच थांबलं तर धोका आहे. तो प्रश्न १४ मध्ये पाहा.

३. आईचं वय साठच्या पुढे आहे. या वयात अक्षरं डोक्यात बसतील का?

बसतील. ही केवळ धीर देण्याची भाषा नाही. लखनौजवळच्या खेड्यांमधल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवून त्यांच्या मेंदूची आधीची आणि नंतरची चित्रं संशोधकांनी ताडून पाहिली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातल्या बहुतेक व्यक्ती तिशीच्या आसपासच्या स्त्रिया होत्या. नजर एकाग्र करण्याशी संबंधित असलेल्या, मेंदूच्या खोलवरच्या भागांतही बदल दिसले. त्याआधी २०१० मध्ये ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या लोकांवरच्या अभ्यासात असं आढळलं होतं की, लहानपणी वाचायला शिकलेल्यांच्या मेंदूत जे बदल होतात, त्यातले बरेचसे मोठेपणी शिकलेल्यांमध्येही होतात.

उदाहरणंच हवी असतील तर केरळच्या कार्त्यायनी अम्मांनी २०१८ मध्ये ९६ व्या वर्षी राज्याच्या साक्षरता परीक्षेत १०० पैकी ९८ गुण मिळवले. केनियातले किमानी मारुगे २००४ मध्ये ८४ व्या वर्षी पहिलीत दाखल झाले.

वयाचा फरक पडतो तो वेगात. मोठ्या माणसाला अर्थ पटकन कळतो, पण अक्षर झटकन ओळखू येण्यासाठी सराव जास्त लागतो. आणि एक अगदी साधी गोष्ट आधी बघा: चष्मा. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसायला लागतं. आयुष्यात कधी बारीक अक्षर वाचलेलंच नसेल तर नजर कमी झाल्याचं त्या व्यक्तीला कळतही नाही. ‘माझ्या डोक्यात शिरत नाही’ म्हणून वर्ग सोडणाऱ्यांपैकी काहींना अक्षर दिसतच नसतं. पहिल्या आठवड्यात डोळे तपासून घेणं हे पुस्तक देण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

४. वाचायला यायला किती दिवस लागतात?

ओळख व्हायला थोडे, मुरायला बरेच. ब्राझीलमध्ये पावलो फ्रेअरी यांनी १९६३ मध्ये आंझिकुस या गावी सुमारे तीनशे शेतमजुरांना चाळीसेक तासांत वाचायला शिकवलं, हे उदाहरण नेहमी दिलं जातं. ते खरं आहे, पण त्यावरून चाळीस तासांचा मुहूर्त धरू नका. तिथली लिपी सोपी होती, शब्द त्या मजुरांच्याच जगण्यातून निवडलेले होते, आणि शिकवणाऱ्यांची तयारी फार मोठी होती.

देवनागरीत मुळाक्षरं आणि काना-मात्रा येईपर्यंत बहुतेकांचा उत्साह टिकतो. जोडाक्षरं आली की गाडी अडते. ‘कार्य’, ‘क्रम’, ‘राष्ट्र’ या तीन शब्दांत र तीन ठिकाणी तीन रूपांत बसतो, हे शिकणाऱ्याला अन्यायकारक वाटतं आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. इथे पाट्यांवरचे, कागदपत्रांवरचे, रोज दिसणारे शब्द घेऊन एकेक रूप पक्कं करणं बरं.

दुसरा टप्पा वेगाचा. एकेक अक्षर लावत गेलं की वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरते. प्रौढांच्या वाचनाचा अभ्यास करणारे मिनिटाला साधारण ४५ ते ६० शब्दांचा वेग हा अर्थ लागण्याचा उंबरठा मानतात. त्याच्या अलीकडे थांबलेली व्यक्ती वाचू शकते, पण वाचत नाही. म्हणून तीन-चार महिन्यांत ‘झालं’ असं जाहीर करणाऱ्या वर्गांबद्दल आम्हाला काळजी वाटते.

५. शिकणाऱ्यांच्या आयुष्यात सगळ्यात आधी काय बदलतं?

बोलणं. आमच्या मते बाकीचे सगळे परिणाम यातून निघतात.

सुरुवातीच्या दिवसांत नाव विचारलं तरी काही जणी शेजारणीकडे बघतात. चुकलं तर हसतील ही भीती एवढी जुनी असते की गप्प राहणं हाच स्वभाव होऊन बसलेला असतो. फॉर्म भरायची वेळ आली की ‘चष्मा घरी राहिला’ म्हणायचं, बस आली की कुणालातरी विचारायचं आणि विचारताना आपल्याला वाचता येत नाही हे कळू द्यायचं नाही. निरक्षर माणसाचा केवढा वेळ आणि केवढी शक्ती या लपवाछपवीत जाते, याची कल्पना वाचता येणाऱ्यांना येणं कठीण आहे.

वर्गात पहिल्यांदा सगळ्यांना एकच गोष्ट येत नसते, त्यामुळे लपवायचं काही उरत नाही. हा वर्गाचा पहिला परिणाम, आणि तो पहिलं अक्षर येण्याच्या आधी झालेला असतो. मग बसमध्ये बसल्या बसल्या पाट्यांवरची अक्षरं ओठांतल्या ओठांत लावणं सुरू होतं. मग एक दिवस कुणीतरी पुढे केलेला कागद हातात घेऊन ‘थांबा, मला वाचू द्या’ हे शब्द बाहेर पडतात.

आमच्या वर्गातल्या एका बाईंनी औषधाच्या पट्टीवरची तारीख बोट ठेवून वाचली. महिना लावायला वेळ लागला, साल लवकर लागलं. पुन्हा एकदा वाचली. मग पट्टी देणाऱ्याला परत केली, कारण मुदत संपलेली होती. वाचायला त्यांना थोडं आधीपासून येत होतं. पट्टी परत करायचं धाडस त्या दिवशी आलं. परिणाम मोजायचा तर असल्या प्रसंगांत मोजावा.

६. कमाई वाढते का?

कधी वाढते, पण त्याचं आश्वासन देऊन कुणाला वर्गात आणू नका.

युनेस्कोने १९६७ ते १९७३ या काळात अकरा देशांत एक मोठा प्रायोगिक कार्यक्रम चालवला होता. कामधंद्याशी जोडून साक्षरता शिकवली की उत्पादन आणि उत्पन्न वाढेल, ही त्यामागची कल्पना. १९७६ मध्ये त्याचं परखड मूल्यमापन प्रसिद्ध झालं आणि निष्कर्ष असा निघाला की हिशोब इतका सरळ नाही. जमीन, भांडवल, बाजार, जात किंवा वर्ग, स्त्री की पुरुष, या सगळ्याचा जोर अक्षरापेक्षा जास्त असतो.

फायदा बहुधा नुकसान टळण्याच्या रूपाने आधी दिसतो. मजुरीच्या वहीत आपले दिवस बरोबर लिहिलेत का हे बघता येतं. वजनाचा आकडा वाचता येतो. कर्जाच्या कागदावर व्याज दरमहा आहे की दरसाल, हे विचारता येतं. ही रक्कम कुठल्याच पाहणीत ‘उत्पन्न’ म्हणून नोंदली जात नाही.

७. घरात मुलं, सुना वाचतात. मग आईने कशाला शिकायचं?

हा प्रश्न मुलंच विचारतात. घरात एकाला वाचता येत असेल तर इतरांनाही फायदा होतो, हे खरं आहे. कौशिक बसू आणि जेम्स फॉस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये साक्षरता मोजताना हा मुद्दा धरावा असं मांडलं. बांगलादेशातल्या आकडेवारीवरून पुढे असंही दिसलं की शेतीबाहेरच्या कामात, घरात कुणी साक्षर असलेल्या निरक्षर माणसाची कमाई तशा सोबतीविना असलेल्यापेक्षा जास्त असते, आणि स्त्रियांच्या बाबतीत हा फरक अधिक ठळक असतो.

पण उसनं वाचन मागावं लागतं. वाचणाऱ्याला वेळ असेल तेव्हा, त्याला योग्य वाटेल तेवढंच ते मिळतं. दवाखान्याचा अहवाल मुलगा वाचतो आणि ‘काही नाही, सगळं ठीक आहे’ म्हणतो. बँकेतल्या शिल्लकीचा आकडा सुनेला आधी कळतो आणि सासूला नंतर. माहेरून आलेला निरोप दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. स्वतःबद्दलची गोष्ट सगळ्यात आधी स्वतःला कळणं हा आईचा हक्क आहे.

८. आई शिकली की मुलांच्या अभ्यासावर परिणाम होतो का?

होतो, पण हळू आणि थोडा. बिहार आणि राजस्थानमध्ये ‘प्रथम’ या संस्थेच्या आईंसाठीच्या वर्गांची चाचणी घेतली गेली. कुठल्या गावात वर्ग चालवायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, त्यामुळे तिचे निष्कर्ष भरवशाचे आहेत. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आईंच्या वाचन-गणितात सुधारणा झाली, मुलांच्या गणितात लहानशी पण मोजता येण्याजोगी वाढ दिसली, आणि घरातलं अभ्यासाचं वातावरण सुधारलं. फक्त वर्ग चालवण्यापेक्षा, घरी मुलाबरोबर करायच्या छोट्या गोष्टी आईला सांगण्याची जोड दिलेल्या गावांत आईंची प्रगती चांगली होती.

संख्येत न दिसणारी गोष्ट अशी की आई आणि मूल एकाच वेळी वही उघडून बसतात. मूल आईची चूक दुरुस्त करतं आणि ती करू देते.

९. आरोग्यावर काय परिणाम होतो?

औषधाची वेळ, मुदत, दवाखान्यातली खोली, लसीकरणाची तारीख हे स्वतः बघता येतं. पण वाचता येणं आणि त्याप्रमाणे करता येणं यात अंतर आहे. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कमी वाचन-कौशल्य असलेल्या रुग्णांपैकी ७१ टक्क्यांनी ‘दोन गोळ्या दिवसातून दोनदा’ ही सूचना बरोबर वाचून सांगितली. दिवसाला एकूण किती गोळ्या घ्यायच्या, त्या मोजून दाखवा म्हटल्यावर मात्र जेमतेम ३५ टक्क्यांना ते जमलं.

म्हणून वर्गात औषधाची रिकामी पट्टी आणि खडे किंवा मणी घेऊन बसा. वाचून दाखवण्यावर थांबू नका, मोजून दाखवायला सांगा.

१०. वर्गात बायकाच जास्त का दिसतात? पुरुष का येत नाहीत?

एक कारण सरळ आहे. युनेस्कोच्या आकडेवारीनुसार जगात आजही ७० कोटींहून अधिक प्रौढांना लिहिता-वाचता येत नाही आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश स्त्रिया आहेत.

दुसरं कारण लाज. घरात ज्याचं म्हणणं चालतं, त्याला ‘मला येत नाही’ हे चारचौघांत कबूल करणं जास्त जड जातं. पुरुषांसाठी वेगळा, कामावरून सुटल्यानंतरचा, लहान गट असेल तर ते टिकतात. वाहन परवान्याची परीक्षा, कामावरची नोंदवही, मोबाइलवरून पैसे पाठवणं अशा ठरावीक गरजेपासून सुरुवात केली तर आणखी टिकतात.

११. एकेका व्यक्तीपलीकडे, वस्तीवर काही परिणाम होतो का?

होतो, आणि बरेचदा वर्ग सुरू करणाऱ्यांच्याही ध्यानीमनी नसतो असा होतो.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहीम चालू होती. शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या बायकांना वर्गापर्यंत पोचण्याची अडचण होती. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या पुढाकाराने सायकल शिकणं हाच मोहिमेचा भाग झाला. हजारो बायका सायकल शिकल्या: शेतमजूर, दगडखाणीतल्या कामगार, परिचारिका. नवऱ्याची किंवा बसची वाट न बघता कामावर, बाजारात, दवाखान्यात जाता येऊ लागलं. अक्षर आणि सायकल यांचा तसा काही संबंध नाही. पण घराबाहेर पडायचं निमित्त आणि सोबत, ही दोन्ही वर्गानेच दिली होती.

आंध्र प्रदेशातल्या नेल्लोर जिल्ह्यात त्याहून मोठं काही घडलं. तिथल्या साक्षरता वर्गांच्या वाचनपाठांत दारूने घराची होणारी वाताहत होती. बायका पाठ वाचत आणि त्यावर बोलत. दुबगुंटा या गावच्या बायकांनी एकत्र येऊन १९९२ मध्ये गावातली गावठी दारूची विक्री बंद पाडली. ती लाट जिल्हाभर आणि मग राज्यभर पसरली, आणि १९९३ मध्ये राज्य सरकारला त्या दारूवर बंदी आणावी लागली. बंदीचं पुढे काय झालं हा वेगळा विषय. पण एकटीने सोसायची गोष्ट सगळ्यांनी मिळून बोलायची झाली, ती वर्गात.

या दोन्ही ठिकाणांवरून आम्ही एक गोष्ट ठामपणे म्हणतो. नुसतं अक्षर शिकवायचं तर मोबाइलवरची चित्रफीतही पुरेल. वर्गाचं मोल एकत्र बसण्यात आहे. तासातली पंधरा मिनिटं नुसत्या बोलण्यासाठी राखून ठेवा आणि तो वेळ वाया गेला असं समजू नका.

१२. घरचे विरोध करतात. वर्गामुळे भांडणं वाढली तर?

काही घरांत वाढतात, हे आधीच सांगायला हवं. ‘तिकडे काय शिकवतात कोण जाणे’ इथपासून ‘आता आम्हाला अक्कल शिकवणार का’ इथपर्यंत बोलणी येतात. बाई हिशोब विचारायला लागली की हिशोब न देणाऱ्याला ते खुपतं.

घरच्यांना एकदा वर्गात बोलवा. काय चालतं ते दिसलं की निम्म्या शंका विरतात. वेळ घरातल्या कामाला सांभाळून ठेवा, लहान मुलांना बरोबर आणू द्या. पण विरोध मारहाणीपर्यंत गेला असेल तर तो साक्षरतेचा प्रश्न राहत नाही. तिथे ‘वर्ग सोडू नका’ असा आग्रह धरू नका. तिची सुरक्षितता आधी, आणि मदत करू शकणाऱ्या माणसांशी तिची गाठ घालून देणं हे शिकवणाऱ्याचं काम. वर्ग तिची वाट बघू शकतो.

१३. आता मोबाइलवर बोलून सगळं होतं. वाचायची गरजच काय?

बोलून निरोप जातो, बोलून शोधताही येतं, ही मोठी सोय आहे. पण पैसे पाठवताना समोर आलेलं नाव आणि आकडा वाचावा लागतो. ‘हो’ आणि ‘नाही’ची बटणं वाचावी लागतात. बँकेच्या नावाने आलेला संदेश खरा की खोटा, हे वाचणाऱ्यालाही पटकन कळत नाही, मग न वाचणाऱ्याचं काय?

मोबाइल वर्गाच्या विरोधात जात नाही, उलट कामी येतो. नायजरमध्ये २००९ पासून झालेल्या प्रयोगात काही गावांच्या प्रौढ वर्गांना साधे मोबाइल वापरायला शिकवलं. त्या गावांतल्या शिकणाऱ्यांना नुसत्या वर्गात बसणाऱ्यांपेक्षा चाचण्यांत जास्त गुण मिळाले. कारण उघड आहे: संदेश लिहिला की समोरून उत्तर येतं. सरावाला निमित्त लागतं, आणि मुलीला पाठवलेल्या दोन ओळींइतकं चांगलं निमित्त दुसरं नाही.

१४. सही येते, पण वाचता येत नाही. याचा तोटा होऊ शकतो का?

होऊ शकतो. अंगठा उठवताना बहुतेक ठिकाणी कुणीतरी साक्षीदार असतो, मजकूर वाचून दाखवला जातो किंवा निदान तसं अपेक्षित असतं. सही झाली की सगळे गृहीत धरतात की माणसाने वाचून, समजून केली. म्हणजे नुसत्या सहीने आधीचं संरक्षण जातं आणि नवं काही मिळत नाही.

यावर उपाय सही न शिकवणं हा नाही. सहीबरोबर तीन सवयी शिकवा: कोऱ्या कागदावर सही नाही, रकमेचा आकडा वाचल्याशिवाय सही नाही, आणि समजलं नाही तर ‘कागद घरी नेऊन दाखवते, मग करते’ असं म्हणायचं. हे शेवटचं वाक्य वर्गात मोठ्याने म्हणून घ्या, एकीने साहेब व्हायचं आणि दुसरीने नकार द्यायचा. पहिल्यांदा सगळ्या हसतात. तिसऱ्यांदा आवाज पक्का होतो.

१५. वर्ग संपला की शिकलेलं विसरतात का?

हो, वापर नसेल तर फार लवकर. सगळ्यात जास्त दुखणारा परिणाम हाच. उंबरठ्याच्या (प्रश्न ४) अलीकडे सोडलेल्यांचं वाचन वर्षभरात पुसट होतं आणि मग ती व्यक्ती ‘मला जमलंच नाही’ असं स्वतःला बजावते. न शिकण्यापेक्षा हे वाईट.

वर्ग संपवण्याची तारीख ठरवताना पुढच्या वाचनाची सोय आधी ठरवा. मोठ्या टायपातल्या छोट्या गोष्टी, आठवड्यातून एकदा वाचनाची बैठक, भिंतीवर रोज बदलणारी चार ओळींची बातमी, आणि ती बातमी शिकणाऱ्यांनीच लिहायची. मोठमोठ्या मोहिमा या टप्प्यावर ढिल्या पडल्या, कारण उद्घाटनाला गर्दी होते आणि वाचन बैठकीला होत नाही.

१६. आमची बोली वेगळी आहे, पुस्तकातली भाषा परकी वाटते. काय करावं?

बोलीपासून सुरुवात करा. शिकणाऱ्याने सांगितलेलं वाक्य, तो बोलला तसंच, फळ्यावर लिहा. आपलंच बोलणं लिहिलेलं दिसतं तेव्हा अक्षर म्हणजे काय हे एकदम उमगतं. त्याच वाक्याचं पुस्तकी रूप नंतर शेजारी लिहा. बोली चूक आहे असं कधीही म्हणू नका. ज्यांची घरची भाषाच वेगळी आहे त्यांनाही शक्य असेल तिथे आधी तीच लिहायला द्या. वाचनाचं कौशल्य एकदा आलं की दुसऱ्या भाषेत नेता येतं.

१७. काही वर्षं शाळेत गेलेत, तरी वाचता येत नाही. असं कसं?

असे बरेच जण आहेत, आणि त्यांना वर्गात आणणं सगळ्यात कठीण, कारण कागदोपत्री ते शिकलेले असतात. काहींचं सराव सुटल्याने गेलं, काहींना वर्गात बसवलं पण शिकवलं नाही. काहींना अक्षरं ओळखण्यात मुळातच अडचण असते. एखादी व्यक्ती नियमित येते, बोलण्यात हुशार आहे, नजर तपासलेली आहे, तरी महिनोन्महिने तीच अक्षरं उलटसुलट होतात, तर ती आळशी नाही. छोटे तुकडे, हवेत बोटाने अक्षर गिरवणं, एका वेळी एकच अक्षर, आणि जमल्यास तज्ज्ञाकडून तपासणी.

१८. तोंडी हिशोब पक्का, कागदावर मात्र जमत नाही. शिकवावा का?

शिकवा, पण तिची रीत मोडू नका. आधी ती कसं मोजते ते विचारा, मग तेच अंकांत लिहून दाखवा. छापील बेरीज-वजाबाकी त्यानंतर.

१९. ‘अमुक जिल्हा पूर्ण साक्षर’ हे आकडे कितपत खरे मानायचे?

निकष विचारून मानायचे. भारतात केरळचा एर्नाकुलम जिल्हा ४ फेब्रुवारी १९९० रोजी पूर्ण साक्षर जाहीर झाला, आणि १८ एप्रिल १९९१ रोजी संपूर्ण केरळ. ती घोषणा कोझिकोडमध्ये चेलक्कोडन आयिशा या नवसाक्षर बाईंनी केली. त्यात ‘पूर्ण’ म्हणजे ठरावीक वयोगटातले नव्वद टक्के. हे समजून घेतलं तर घोषणा खोटी ठरत नाही आणि फुगतही नाही.

क्यूबात १९६१ च्या मोहिमेत सुमारे सात लाख लोक शिकले. तिथे शेवटची चाचणी होती पत्र लिहिणं. शिकणाऱ्याने देशाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांना स्वतःच्या हाताने पत्र लिहायचं. ती पत्रं हवानाच्या संग्रहालयात आजही आहेत. राजकारण काही असो, चाचणी म्हणून ही कल्पना आम्हाला आवडते, कारण पत्राला वाचणारा कुणीतरी असतो.

तुमच्या वर्गाचा परिणाम बघायचा असेल तर गुणांबरोबर हे विचारा: गेल्या महिन्यात वर्गाबाहेर काय वाचलंत? कुठे लिहिलंत? पूर्वी कुणालातरी विचारावं लागायचं आणि आता लागत नाही, असं काय आहे? आणि सोडून गेलेल्यांनाही विचारा. टिकलेल्यांनाच विचारलं तर सगळं गोडच दिसतं, कारण ज्यांची जिद्द आणि परिस्थिती मुळात बरी होती तेच टिकलेले असतात.

२०. मला शिकवायचं आहे. शिक्षक नाही, चालेल का?

चालेल. फुले दांपत्याने १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हापासून हे काम बहुतांशी हौशी माणसांनीच पुढे नेलं आहे. पण आठवड्यातले किती दिवस आणि किती महिने देऊ शकता हे आधी स्वतःशी नक्की करा. मध्येच गायब होणारा शिक्षक वर्गाचं जेवढं नुकसान करतो तेवढं वाईट शिकवणाराही करत नाही. मोठ्या माणसांना ‘अहो’ म्हणा. लाल शाईने फुल्या मारू नका. चूक दाखवायची तर बरोबर रूप शेजारी लिहा.

२१. शिकणारीच म्हणाली, ‘माझ्या आयुष्यात काही फरक पडला नाही,’ तर?

तर तिचं ऐका आणि वाद घालू नका. तिला कदाचित कामाच्या ठिकाणी बढती हवी होती आणि ती मिळाली नसेल. कदाचित जे शिकवलं ते तिच्या कामाचं नव्हतं. ‘मग तुम्हाला काय वाचता यायला हवं होतं?’ एवढंच विचारा. उत्तर बहुधा अगदी नेमकं मिळतं: विजेचं बिल, नातवाच्या शाळेची सूचना, जमिनीचा कागद. तो कागद घेऊन यायला सांगा आणि पुढचा तास त्याच्यावर घ्या.